एका सेक्टरचं अ‍ॅप: चंदीगडच्या सेक्टर ३०साठी मोबाइल अ‍ॅप बनवण्याची कृती

महाराष्ट्रातून चंदीगडला बदली होऊन आलेलं कुटुंब पहिल्या आठवड्यात तेच ते प्रश्न विचारतं. रात्री ताप चढला तर कुठे जायचं? बस कुठून सुटते? गॅस कोण आणून देतो? चला, या प्रश्नांची उत्तरं देणारं छोटंसं अँड्रॉइड अ‍ॅप आज आपण सेक्टर ३०साठी बनवू. तुमचा सेक्टर, गाव किंवा सोसायटी वेगळी असली तरी पायऱ्या ह्याच राहतील. फक्त क्रम मोडू नका. प्रत्येक पायरी पुरी झाली की खूण करा आणि मगच पुढची वाचा.

साहित्य

- ८ जीबी रॅमचा कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप (१६ जीबी असेल तर काम आरामात होतं)
- अँड्रॉइड स्टुडिओ (मोफत मिळतो)
- एक खराखुरा अँड्रॉइड फोन आणि डेटा जाणारी यूएसबी केबल
- गूगल शीट्स
- कागद, पेन्सिल, खोडरबर
- प्ले स्टोअरच्या खात्यासाठी एकदाच भरायचे २५ डॉलर
- चाचणीसाठी १२ उत्साही माणसं

कोटलिन भाषेची तोंडओळख असेल तर उत्तम. नसेल तर अँड्रॉइडचा मोफत प्राथमिक अभ्यासक्रम आधी पुरा करा आणि मग पायरी ११पासून हात घाला. पायरी १ ते १० मात्र आजच करता येतील.

भाग पहिला: आखणी

१. अ‍ॅपचं काम एका वाक्यात लिहा. उदाहरणार्थ: "सेक्टर ३०मध्ये नव्याने आलेल्या मराठी माणसाला गरजेचा पत्ता आणि फोन नंबर नेट नसतानाही सापडावा." *सावधान:* वाक्यात दुसऱ्यांदा "आणि शिवाय" आलं, तर तिथून पुढचं खोडा.

२. तीन शेजाऱ्यांना विचारा. इथे आल्यावर पहिल्या महिन्यात काय शोधावं लागलं, एवढाच प्रश्न करा आणि उत्तरं त्यांच्याच शब्दांत टिपा. *सावधान:* "असं अ‍ॅप आवडेल का?" असं विचारू नका. सगळे "हो" म्हणतात आणि तुमच्या हाती काहीच लागत नाही.

३. "नाही" यादी करा. गप्पा नाहीत, खरेदी नाही, लॉगिन नाही, जाहिराती नाहीत. ही यादी टेबलासमोर चिकटवा. *सावधान:* लॉगिन ठेवलंत तर खातं मिटवण्याची सोयही द्यावी लागते आणि काम दुप्पट वाढतं.

४. तीन स्क्रीन कागदावर काढा. पहिली यादीची, दुसरी एका ठिकाणाच्या तपशिलाची, तिसरी "या अ‍ॅपविषयी"ची. शोधाची पट्टी यादीच्या डोक्यावर घ्या. *सावधान:* चौथी स्क्रीन सुचली तर ती वेगळ्या कागदावर लिहून पुढच्या व्हर्जनसाठी ठेवा.

५. कागदी अ‍ॅप एखाद्या मावशींच्या हातात द्या. "हॉस्पिटलचा नंबर काढा" म्हणा आणि त्या कुठे बोट ठेवतात ते बघा. *सावधान:* मध्ये बोलू नका. तुम्ही समजावून सांगितलेलं बटण म्हणजे चुकलेलं बटण.

भाग दुसरा: माहिती गोळा करणं

६. शीटमध्ये सात रकाने आखा. नाव, प्रकार, पत्ता, फोन, वेळ, शोधशब्द, तपासल्याची तारीख. *सावधान:* शेवटचा रकाना गाळू नका. पुढची सगळी देखभाल त्याच्यावर उभी आहे.

७. फोनचा रकाना "साधा मजकूर" करा. हे नंबर भरण्याआधी करायचं. *सावधान:* चंदीगडचा एसटीडी कोड ०१७२ आहे. रकाना आकड्यांचा राहिला तर पुढचं शून्य गुपचूप उडतं आणि फोन लागत नाही.

८. आधी दहा पक्क्या नोंदी भरा. सुरुवातीला या घ्या: तातडीची मदत ११२, सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय म्हणजे जीएमसीएच सेक्टर ३२, पीजीआय रुग्णालय सेक्टर १२, सेक्टर १७चा बस अड्डा, सेक्टर ४३चा बस अड्डा, सेक्टर ३०-सीमधली केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटना म्हणजे सीएसआयओ. उरलेल्या चार शेजाऱ्यांच्या उत्तरांतून निवडा. *सावधान:* दोन बस अड्ड्यांची एकच नोंद करू नका. घाईत चुकीच्या अड्ड्यावर उतरलेल्याची गाडी हमखास चुकते.

९. पत्ता स्थानिक पद्धतीने लिहा. इथे दुकानाचा पत्ता बूथ नंबर किंवा एससीओ (शॉप-कम-ऑफिस) नंबर, मग सेक्टर आणि त्याचं अक्षर असा सांगतात: ३०-ए, ३०-बी, ३०-सी. अक्षर लिहाच, त्याच्याशिवाय रिक्षावाला फिरत राहतो. *सावधान:* पिन कोडवरून सेक्टर ठरवू नका. १६००३० हा पिन सीएसआयओच्या पत्त्यात आहे, तसाच सेक्टर ३२च्या जीएमसीएचच्या पत्त्यातही आहे.

१०. प्रत्येक नंबर लावून तपासा आणि तारीख टाका. प्लंबर, डबेवाल्या काकू, गॅसवाले यांचा वैयक्तिक मोबाइल नंबर असेल तर "अ‍ॅपमध्ये टाकू का?" असं विचारून होकार घ्या. नकार आला तर नोंद काढा. *सावधान:* ११२ मात्र लावून बघू नका. ती लाइन खऱ्या संकटासाठी मोकळी राहू द्या.

भाग तिसरा: बांधणी

११. अँड्रॉइड स्टुडिओत नवा प्रोजेक्ट उघडा. "एम्प्टी अ‍ॅक्टिव्हिटी" हा साचा निवडा. त्यात स्क्रीन बांधायचं साधन, जेटपॅक कंपोज, तयार मिळतं. किमान व्हर्जन अँड्रॉइड ७ ठेवा, म्हणजे घरातले जुने फोनही चालतील. *सावधान:* पॅकेजचं नाव विचारपूर्वक द्या. "कॉम डॉट एक्झाम्पल"ने सुरू होणारं नाव प्ले स्टोअर घेत नाही, आणि एकदा प्रसिद्ध झालेलं नाव बदलता येत नाही.

१२. लगेच गिट, म्हणजे कोडच्या प्रत्येक टप्प्याची प्रत जपणारं साधन, सुरू करा. रिकामा प्रोजेक्ट चालतो हे पाहा आणि पहिली नोंद (कमिट) करा. यापुढे प्रत्येक पायरीनंतर एक नोंद. *सावधान:* "सगळं झाल्यावर करू" म्हणालात तर बिघडलेलं परत आणायला मागचं काहीच उरत नाही.

१३. खरा फोन जोडा. सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारा, डेव्हलपर पर्याय उघडतील. तिथे यूएसबी डिबगिंग सुरू करा. *सावधान:* फोन दिसत नसेल तर आधी केबल बदला. काही केबली फक्त चार्जिंगच्या असतात.

१४. शीट टॅबने विभागलेल्या फाइलीत उतरवा. डाउनलोडच्या यादीत टीएसव्ही हा पर्याय आहे. *सावधान:* स्वल्पविरामाची सीएसव्ही फाइल घेऊ नका. आपल्या पत्त्यांत स्वल्पविराम खच्चून भरलेले असतात आणि साध्या वाचनात रकाने सरकतात.

१५. फाइल प्रोजेक्टच्या "रॉ" फोल्डरमध्ये ठेवा. माहिती अ‍ॅपच्या पोटात गेली की नेट लागत नाही. मुंबईकरांच्या ओळखीचं एम-इंडिकेटर लोकलचं वेळापत्रक नेटशिवाय दाखवतं. आपल्यालाही तीच सोय हवी आहे. *सावधान:* फाइलीचं नाव लहान इंग्रजी अक्षरांत ठेवा. मोठं अक्षर, मोकळी जागा किंवा हायफन आला तर अ‍ॅप बांधलंच जात नाही.

१६. फाइल वाचून नोंदींची यादी करा. ओळ घ्या, टॅबवर तोडा, सात तुकडे मोजा. *सावधान:* तुकडे सात नसतील तर त्या ओळीचा क्रमांक लॉगमध्ये छापा आणि ती ओळ सोडा. एका वाकड्या ओळीपायी अख्खं अ‍ॅप बंद पडता कामा नये.

१७. यादीची स्क्रीन बांधा. "लेझीकॉलम" वापरा. प्रत्येक ओळीत नाव मोठं, प्रकार बारीक. *सावधान:* दाबायची जागा किमान ४८ डीपी उंच ठेवा. जानेवारीच्या थंडीत आखडलेल्या बोटांना बारीक ओळ सापडत नाही.

१८. तपशिलाची स्क्रीन बांधा. नाव, पत्ता, वेळ, "फोन लावा" बटण आणि तळाशी "तपासलं: अमुक तारीख". *सावधान:* तारीख लपवू नका. जुनी माहिती जुनी आहे हे वाचणाऱ्याला कळलंच पाहिजे.

१९. फोनचं बटण डायलरला जोडा. "अ‍ॅक्शन डायल" वापरा. नंबर डायलरमध्ये उमटतो आणि हिरवं बटण माणूस स्वतः दाबतो. *सावधान:* "अ‍ॅक्शन कॉल" घेऊ नका. त्याला परवानगी मागावी लागते, आणि चुकून बोट लागलं तरी थेट फोन लागतो.

२०. शोधाची पट्टी जोडा. नाव आणि शोधशब्द या दोन्ही रकान्यांत शोधा. जीएमसीएचपुढे "हॉस्पिटल", "दवाखाना", "रुग्णालय" हे शब्द भरा, आणि तेच शब्द इंग्रजी लिपीतही भरा. *सावधान:* मराठी माणूस इंग्रजी कीबोर्डवर मराठी शब्द शोधतो. फक्त देवनागरी ठेवलीत तर अर्ध्या लोकांना यादी रिकामी दिसेल.

२१. आकडे एका रूपात आणा. कोणी ३० देवनागरीत लिहील, कोणी इंग्रजी आकड्यांत. शोधण्याआधी दोन्हीकडचे आकडे इंग्रजीत बदलून मग जुळवा. *सावधान:* फोनची भाषा मराठी असली की तारीख किंवा आकडा सजवून छापणारी फंक्शन देवनागरी आकडे देऊ शकतात. दाखवायला ते छान, पण साठवायला आणि डायल करायला घातक. तिथे "लोकेल रूट" सांगा.

२२. स्क्रीनवरचा सगळा मजकूर "स्ट्रिंग्ज" फाइलीत हलवा. आपलं अ‍ॅप मराठी आहे, म्हणून मराठी मजकूर मूळ "व्हॅल्यूज" फोल्डरमध्येच ठेवा. *सावधान:* तो फक्त "व्हॅल्यूज-एमआर"मध्ये ठेवलात तर इंग्रजी भाषा निवडलेल्या फोनवर अ‍ॅप उघडताच बंद पडेल.

२३. तिसरी स्क्रीन लिहा. माहिती कुठून घेतली, चूक कुठे कळवायची आणि "हे अ‍ॅप कोणत्याही सरकारी कार्यालयाचं नाही" हे वाक्य. *सावधान:* सरकारी माहिती दाखवणाऱ्या अ‍ॅपला मूळ स्रोताचा दुवा आणि हा खुलासा द्यावाच लागतो. नाहीतर प्ले स्टोअर अ‍ॅप परत पाठवतं.

भाग चौथा: तपासणी

आता अ‍ॅप पाडायचा मनापासून प्रयत्न करा. इथे सापडलेली चूक घरातच मिटते.

२४. विमान मोड लावून सगळं अ‍ॅप फिरा. प्रत्येक स्क्रीन उघडली पाहिजे. *सावधान:* वाय-फाय बंद झालं का तेही बघा. काही फोन विमान मोडमध्येही वाय-फाय चालू ठेवतात.

२५. शोधाच्या मधोमध फोन आडवा करा. लिहिलेला शब्द तसाच राहायला हवा. *सावधान:* शब्द गायब झाला तर "रिमेंबर"च्या जागी "रिमेंबरसेव्हेबल" लिहा.

२६. फोनमधलं अक्षर सर्वांत मोठं करा. आजोबा असंच वाचतात. *सावधान:* "रुग्णालय", "वैद्यकीय" यांच्या वेलांट्या, उकार आणि जोडाक्षरं वरून-खालून कापली जात नाहीत ना, ते बघा. ओळीची उंची ठरावीक ठेवली असेल तर ती काढून टाका.

२७. फोनची भाषा मराठी करून दहाही नंबरांची बटणं दाबा. डायलरमध्ये आलेला नंबर शीटशी ताडा. *सावधान:* डायलर दिसला की थांबा आणि मागे या. विशेषतः ११२च्या वेळी.

२८. विचित्र शोध करा. रिकामी पट्टी, नुसती मोकळी जागा, एक इमोजी, "सेक्टर १३". चंदीगडच्या मनीमाजरा भागाला २०२०मध्ये सेक्टर १३ हे नाव मिळालं, तोवर शहरात त्या क्रमांकाचा सेक्टरच नव्हता. तेव्हा शोधणारे दोन्ही नावं वापरतील. *सावधान:* काही सापडलं नाही तर कोरी स्क्रीन सोडू नका. "काही सापडलं नाही, दुसरा शब्द लिहून बघा" असं सांगा.

२९. स्क्रीन वाचून दाखवणारं टॉकबॅक सुरू करून डोळे मिटा. फक्त ऐकून जीएमसीएचपर्यंत पोहोचा. *सावधान:* एखादं बटण नुसतं "बटण" म्हणत असेल तर त्याला वर्णनाचे शब्द द्या.

३०. भर दुपारी बाहेर जाऊन वाचा. मे-जूनच्या उन्हात फिकट करडी अक्षरं दिसेनाशी होतात. *सावधान:* हे घराबाहेर किंवा मार्केटमध्ये करा. सेक्टर ३०मध्ये संरक्षण खात्याची टीबीआरएल ही प्रयोगशाळाही आहे. तिच्या फाटकाजवळ फोन रोखून उभे राहू नका आणि तिथले फोटो अ‍ॅपमध्ये घालू नका.

भाग पाचवा: प्ले स्टोअरवर चढवणं

३१. प्ले कन्सोलवर खातं उघडा. २५ डॉलर भरा आणि ओळखपत्राची तपासणी पुरी करा. *सावधान:* ओळखपत्रावरचं नाव आणि खात्यातलं नाव तंतोतंत एकच लिहा.

३२. सही केलेलं अ‍ॅप बंडल बांधा. प्ले स्टोअरला नवं अ‍ॅप या बंडलच्या एएबी फाइलीतच हवं असतं. सहीची किल्ली याच वेळी तयार होते. *सावधान:* किल्ली आणि पासवर्ड दोन वेगळ्या ठिकाणी जपा, गिटमध्ये कधीच नाही. हरवली तर नव्या किल्लीसाठी गूगलकडे अर्ज करत बसावं लागतं.

३३. दुकानाची पाटी तयार करा. नाव ३० अक्षरांत, छोटं वर्णन ८० अक्षरांत, चिन्ह ५१२ बाय ५१२, मोठं चित्र १०२४ बाय ५००, स्क्रीनचे किमान दोन फोटो. *सावधान:* अक्षरं मोजताना काना-मात्रा-वेलांट्याही धरल्या जातात. "सेक्टर" दिसायला छोटा असला तरी मोजणीत तो सहा भरतो.

३४. गोपनीयता धोरण लिहून दुवा द्या. "आम्ही कोणतीही माहिती गोळा करत नाही" असं साध्या मराठीत आणि इंग्रजीत लिहा. डेटा सुरक्षिततेचा फॉर्म त्याच्याशी जुळवून भरा. *सावधान:* काहीच गोळा करत नसलात तरी धोरण लागतंच.

३५. बंद चाचणी सुरू करा. १३ नोव्हेंबर २०२३नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्याला १२ जणांची सलग १४ दिवस चाचणी बंधनकारक आहे. त्यांना दुवा पाठवा आणि प्रत्येकाने तो स्वीकारून अ‍ॅप घेतलं का, ते विचारा. *सावधान:* १५-१६ जण जमवा. मधेच कोणी बाहेर पडलं आणि आकडा १२च्या खाली गेला, तर १४ दिवस पुन्हा मोजावे लागतात.

३६. आलेल्या चुका तीन गटांत लावा. चुकीचा नंबर पहिला, बंद पडणं दुसरं, दिसण्याची तक्रार तिसरी. याच क्रमाने दुरुस्त करा. *सावधान:* नवी सोय मागणाऱ्या सूचना पायरी ४च्या कागदावर जातील, कोडमध्ये नाही.

३७. अ‍ॅप खुलं करा. कन्सोलमधून अर्ज करा आणि मंजुरी आली की प्रसिद्ध करा. *सावधान:* शुक्रवारी संध्याकाळी प्रसिद्ध करू नका. पहिले दोन दिवस तुम्ही हाताशी असायला हवं.

भाग सहावा: देखभाल

३८. दर तीन महिन्यांनी सगळे नंबर पुन्हा तपासा. जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरचा पहिला रविवार कॅलेंडरमध्ये आजच टाका. *सावधान:* नंबर तोच असला तरी तारीख नवी करा.

३९. दर अपडेटला व्हर्जन कोड एकने वाढवा. *सावधान:* जुना कोड राहिला तर फाइल चढतच नाही.

४०. अपडेट आधी थोड्यांना द्या. दहा टक्के लोकांना सोडा, दोन दिवस क्रॅशचा अहवाल बघा, मग सर्वांना. *सावधान:* ही सोय पहिल्या प्रकाशनाला मिळत नाही, फक्त पुढच्या अपडेटना मिळते.

४१. वर्षातून एकदा अँड्रॉइडचं लक्ष्य व्हर्जन वाढवा. त्याची मुदत साधारण ऑगस्टअखेर असते, म्हणून जूनमध्येच करा. *सावधान:* लायब्ररी एकेक करून बदला आणि दर वेळी पायरी २४ ते २९ पुन्हा करा. सगळ्या एकदम बदलल्यात तर बिघाड कुणामुळे ते कळत नाही.

४२. दुसरा माणूस तयार करा. चंदीगडमधली बदलीची नोकरी कायमची नसते. शीट, कोड आणि कन्सोल तिन्हींचा प्रवेश एका विश्वासू शेजाऱ्याला द्या आणि एक अपडेट त्यांच्या हातून करून घ्या. *सावधान:* स्वतःचा पासवर्ड देऊ नका. कन्सोलमध्ये त्यांना वेगळं सदस्य करा.

४३. सांभाळणारं कोणीच नसेल तर अ‍ॅप दुकानातून उतरवा. *सावधान:* "राहू दे, कुणाच्या तरी उपयोगी पडेल" असं म्हणू नका. मध्यरात्री लावलेला चुकीचा नंबर कुणाच्याच उपयोगाचा नसतो.

झालं! दहा खऱ्या नोंदी, तीन स्क्रीन आणि वर्षातले चार रविवार एवढ्यावर हे अ‍ॅप वर्षानुवर्षं चालतं. आज शीट उघडा, सात रकाने आखा आणि पहिली नोंद भरा. बाकीच्या पायऱ्या क्रमाने करत गेलात की अ‍ॅप तयार होणारच.